दांडिया बाजारातली दुसऱ्या मजल्यावरची खोली

आमच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, बडोदं मात्र निवृत्तीनंतर पाहिलं.

हॉटेल घेतलं नाही. दांडिया बाजारात एका जुन्या घरात तीन रात्री खोली घेतली. गादी कडक, मोरी चकचकीत, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच. जिना इतका उभा की बॅग वर नेल्यावर ह्यांनी संध्याकाळपर्यंत खाली उतरायचं नाव काढलं नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर येऊ नका.

पण गल्ली! घरमालकीण काकू खिडकीतून भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करतात आणि आपल्याशी अर्धं राहिलेलं वाक्य मराठीत पुरं करतात. संध्याकाळी त्यांनीच तांबेकर वाड्याची वाट दाखवली. दिवाणांच्या त्या वाड्यातली भित्तिचित्रं मान दुखेपर्यंत पाहिली.

सकाळी कमाटीबाग. पाटीवर सयाजीबाग लिहिलेलं असलं तरी काकू तसं म्हणत नाहीत. महाराजांनी १८७९ मध्ये केलेली ही बाग शंभर एकरांहून मोठी आहे, म्हणून एका फेरीत उरकायचा हट्ट धरू नका. आतल्या संग्रहालयात देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे. त्याच्याखाली हे पहिल्यांदाच गप्प उभे राहिले. शेजारून विश्वामित्री वाहते. तिच्यात मगरी आहेत म्हणून पुलावर थांबलो, तर मगर बघायला थांबलेली माणसंच तेवढी दिसली.

लक्ष्मीविलास राजवाड्याला मात्र सोमवारी गेलो आणि फाटकावरून परतलो. सोमवारी बंद! आदल्या रात्री काकूंना बेत सांगितला होता, तेव्हा त्या 'छान' म्हणाल्या होत्या. मंगळवारी पुन्हा रिक्षा. हा वाडा बकिंगहॅमच्या चौपट असल्याचं रिक्षावाल्याने दोनदा सांगितलं. मी मोजलेला नाही. दरबार हॉलमधली रंगीत काच आणि राजा रविवर्म्याची चित्रं यांसाठी दोन तास ठेवा. राजघराणं आजही तिथेच राहतं, त्यामुळे बराच भाग आपल्याला बंद असतो. ते बरंच वाटलं मला. राहतं घर आहे, कुणीतरी आत चहा पीत असेल.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो सोमवारचा. जिन्याचा नाही, जिना फोटोत दिसत होता.