कॉलेज फुटबॉलचा १२ टीमवाला प्लेऑफ: दोन सीझन पूर्ण बघून झाल्यावरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते. खेळ म्हणून ५ पैकी ५, आणि प्लेऑफमध्ये कोण येणार हे ठरवायच्या पद्धतीला ५ पैकी ३.

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तो लांबट बॉलवाला अमेरिकन फुटबॉल, आणि त्यातही कॉलेजांचा. कोथरूड, बाणेर, औंध कुठेही बघा, प्रत्येक सोसायटीत कुणाचं ना कुणाचं पोरगं एमएसला गेलेलं असतं आणि त्यांच्या घरी हा खेळ कधी ना कधी शिरतोच. आमच्याकडे ताईमुळे शिरला, ती फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीला होती. सुरुवातीला मला आणि बाबांना नियमसुद्धा कळायचे नाहीत, ती फोनवर समजावायची आणि आम्ही हो हो करायचो, मग हळूहळू नादच लागला.

आणि मग आला २०२३चा डिसेंबर. तेव्हा प्लेऑफमध्ये फक्त ४ टीम घ्यायचे. फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ मॅच जिंकलेली, आपल्या कॉन्फरन्सची (म्हणजे कॉलेजांच्या गटाची) चॅम्पियन, आणि तरी तिला बाहेर ठेवलं. कारण काय, तर नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा मेन प्लेयर) जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय जायबंदी झाला आणि टीम निवडणाऱ्या कमिटीचं म्हणणं की त्याच्याशिवाय ही टीम आता तेवढी राहिली नाही. अरे पण त्याच्याशिवाय त्यांनी फ्लोरिडाला हरवलं, लुईव्हिलला हरवलं! जागा मिळाली एक मॅच हरलेल्या अलाबामाला. भारतात रविवारी रात्री साडेदहाला यादी सुरू झाली आणि थोड्याच वेळात ताईचा फोन, ती रडत होती. नंतर ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या मॅचमध्ये जॉर्जियाने त्यांना ६३-३ असं धुतलं तेव्हा लोक म्हणाले बघा कमिटी बरोबर होती, पण त्या मॅचला फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी मेन प्लेयर उतरलेच नव्हते, त्यामुळे तो पुरावा मला आजही मान्य नाही.

म्हणून २०२४ पासून १२ टीमचा फॉरमॅट आला तेव्हा आमच्या घरी खरंच आनंद झाला होता. २०२४ आणि २०२५ला ५ जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना (रँकिंगमध्ये सगळ्यात वर असलेले ५) होत्या आणि उरलेल्या ७ जागा कमिटीने ठरवल्या. पहिल्या चार टीमना बाय (म्हणजे पहिला राउंड न खेळता थेट क्वार्टरफायनल), बाकीच्या आठांच्या पहिल्या राउंडच्या मॅच वरच्या नंबरवाल्या कॉलेजच्या स्वतःच्या स्टेडियमवर. ही होम मॅचची आयडिया म्हणजे या फॉरमॅटमधली सगळ्यात भारी गोष्ट, डिसेंबरची थंडी, पूर्ण गाव स्टेडियमवर, ओहायो स्टेटने टेनेसीला कोलंबसमध्ये ४२-१७ हरवलं ती मॅच मी आणि बाबांनी पहाटे उठून पाहिली आणि एक मिनिट वाया गेला असं वाटलं नाही. तीच ओहायो स्टेट, आठव्या नंबरवर आत आलेली, पुढे चॅम्पियन झाली. जुन्या पद्धतीत ती चारात बसलीच नसती.

बायबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दोन सीझनमध्ये ८ टीमना बाय मिळाला आणि त्यातल्या ७ पहिल्याच मॅचला हरल्या, एकटी इंडियाना जिंकली. तीन आठवड्यांच्या वर घरी बसायचं, मग मॅच तिसऱ्याच शहरात आणि समोर नुकतीच जिंकून आलेली टीम, हे बक्षीस कसलं? या टीमना क्वार्टरफायनल स्वतःच्या ग्राउंडवर द्या ना.

बरं, आता खरा मुद्दा. आत यायचं कसं?

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य करते. २०२५ला वरच्या डिव्हिजनला १३६ टीम होत्या आणि प्रत्येकीला रेग्युलर सीझनच्या साधारण १२ मॅच मिळतात, त्यातल्या बहुतेक आपल्याच कॉन्फरन्समध्ये. म्हणजे आयपीएलसारखं एकच पॉइंट टेबल लावता येत नाही, एकीच्या १० विजयांची दुसरीच्या १० विजयांशी थेट तुलना होत नाही. कुणीतरी बसून तोलावं लागतं हे मला कळतं.

पण तोलायचा काटा आधी सगळ्यांसमोर ठेवा की! १८ मे २०२४ आठवा, बेंगळुरू विरुद्ध चेन्नई. बेंगळुरूने २१८ केले, आणि चेन्नई हरली तरी २०१ केले तर ती पुढे जाणार हे तिच्या डावाच्या पहिल्या बॉलच्या आधीपासून घराघरात माहीत होतं. शेवटच्या ओव्हरला १७ हवे होते, धोनीने पहिल्याच बॉलला सिक्स मारली, पुढच्या बॉलला आउट, आणि चेन्नई १९१ वर थांबली. आमच्या बिल्डिंगमध्ये जेवायला कुणी उठलं नाही त्या रात्री, पण अन्याय झाला असं एकही माणूस म्हणाला नाही. आकडा समोर होता, झाला नाही, संपलं.

आता याच्या शेजारी डिसेंबर २०२५ ठेवून बघा. मायामी आणि नोटर डेम दोघी १०-२ (१० विजय, २ पराभव). मायामीने नोटर डेमला ३१ ऑगस्टलाच २७-२४ हरवलेलं होतं. तरी कमिटीच्या दर आठवड्याच्या रँकिंगमध्ये नोटर डेम वर आणि मायामी खाली, शेवटच्या आठवड्यातसुद्धा नोटर डेम दहावी आणि मायामी बारावी. मग त्या वीकेंडला या दोघींची मॅचच नव्हती, मधे असलेली बीवाययू (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) हरली, आणि रविवारी यादीत एकदम मायामी आत, नोटर डेम बाहेर! कमिटीने सांगितलं की बीवाययू मधून गेल्यावर या दोघी शेजारी आल्या म्हणून आम्ही आपसातली मॅच बघितली. म्हणजे निर्णय बरोबर आहे, मायामीच यायला हवी होती, ती तर पुढे फायनलपर्यंत गेली. पण ऑगस्टमध्ये झालेली मॅच डिसेंबरपर्यंत मोजायचीच नाही आणि मग एका रात्रीत मोजायची, तर नोटर डेमच्या पोरांनी काय समजायचं? आठवडाभर आधी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही आत आहात.

आपल्या पुण्यात परीक्षकांनी ठरवायची स्पर्धा म्हणजे पुरुषोत्तम करंडक. ५१ कॉलेजं प्राथमिक फेरीला, त्यातली ९ फायनलला, आणि २०२२ला तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, केवढा वाद झाला होता आठवतंय ना. पण एकांकिकेला गोल नसतो, स्कोअर नसतो, तिथे जाणकार माणसाची नजर हाच काटा आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे. फुटबॉलला स्कोअरबोर्ड आहे. तो असताना कुठली टीम जास्त चांगली दिसते हे बंद खोलीत ठरवायची गरज फार कमी उरायला हवी.

आणि हे अशक्य नाहीये, अमेरिकेतच होतं. कॉलेजांच्या पुरुषांच्या आइस हॉकीत १६ टीम असतात, चॅम्पियन सोडून बाकीच्या जागा जाहीर फॉर्म्युल्याने भरतात, कुणीही घरी बसून गणित करून सांगू शकतो की आपली टीम आत की बाहेर. फुटबॉलवाले लगेच म्हणतात आम्ही कॉम्प्युटर वापरून बघितलाय, १९९८ ते २०१३ ती बीसीएस नावाची रँकिंगची पद्धत होती आणि लोक वैतागले होते. हो, पण तेव्हा त्यातले बहुतेक फॉर्म्युले पूर्ण उघडे नव्हते, वर पोल (म्हणजे मतदान) मिसळलेले, आणि फायनलला जागा फक्त दोन. लोक त्यावर चिडले होते.

माझ्या मते ५ चॅम्पियनच्या जागा अशाच ठेवाव्या. २०२५ला जेम्स मॅडिसन आणि तुलेन या छोट्या कॉन्फरन्समधल्या दोघी पहिल्याच राउंडला मोठ्या फरकाने हरल्या तेव्हा लगेच सुरू झालं की छोट्यांना कशाला घेता. २०१७ला सेंट्रल फ्लोरिडा एकही मॅच न हरता बाहेर राहिली होती, तसं परत व्हायला नको, त्यासाठी एक-दोन एकतर्फी मॅच मी आनंदाने बघेन. बाकीच्या ७ जागा सीझनच्या आधी छापलेल्या फॉर्म्युल्याने, बरोबरी झाली तर आपसातली मॅच आधी, आणि कमिटीला काम फक्त कोणाची गाठ कोणाशी घालायची एवढंच. मधे ती एक चर्चा होती की १६ टीम करा आणि बिग टेन आणि एसईसी या दोन मोठ्या कॉन्फरन्सना प्रत्येकी ४ जागा आधीच राखून ठेवा, त्याला माझा ठाम नकार आहे, जागा टीमने त्या वर्षी कमवायची असते, कॉन्फरन्सच्या नावावर नाही.

एवढं बोलूनही बघा म्हणूनच सांगेन. २० जानेवारी २०२६ला मंगळवारी सकाळी सहाला फायनल होती आपल्याकडे, बाबांनी साडेपाचला चहा टाकला, शाली घेऊन बसलो, आणि इंडियाना, जी वर्षानुवर्षं हरणारी टीम म्हणूनच ओळखली जायची, ती मायामीला २७-२१ हरवून पहिल्यांदा चॅम्पियन झाली, १६ पैकी १६. बाबा ऑफिसला उशिरा गेले त्या दिवशी.

नवीन बघणाऱ्यांसाठी टायमिंग: यादी डिसेंबरमधल्या रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू होते, पहिल्या राउंडच्या मॅच रात्री उशिरापासून सकाळपर्यंत चालतात. झोप सांभाळायची असेल तर फक्त पहाटेच्या बघा, त्याच जास्त रंगतात.