मोफत माती परीक्षणाच्या नावाखाली विकलेली काळी चिकणमाती

हळदीच्या भरणीचे, म्हणजे रोपांना माती लावायचे, दिवस जवळ आले की वसमत भागात खतवाल्यांच्या गाड्या फिरू लागतात. गेल्या हंगामात आमच्या गावात अशीच एक गाडी आली आणि बऱ्याच घरांना चाट लावून गेली. तालुक्यात दुकान नाही, ओळखीचा माणूस नाही. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपल्या जमिनीसाठीच जीव टाकतोय. ही मंडळी गाव बदलतात, पद्धत बदलत नाहीत. म्हणून सविस्तर लिहितोय.

मारुतीच्या पारावर त्यांनी 'मोफत माती परीक्षण शिबिर' लावलं. प्रत्येकाने मूठभर माती आणायची. ती ग्लासात पाण्यात कालवायची, त्यात पेनासारखं एक यंत्र बुडवायचं, की थोड्या वेळात छापील रिपोर्ट हातात. "काका, जमीन मेलीय तुमची. सेंद्रिय कर्ब ०.२ वर आलाय." कर्ब म्हणजे मातीत कुजून मिसळलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, तो टक्क्यांत सांगतात. म्हातारी माणसं हे ऐकून गप्पच झाली.

ते पेन पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, एवढंच. कर्ब त्यातून कळूच शकत नाही. कर्ब काढायचा तर माती सावलीत वाळवून, बारीक चाळून पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्लात घालतात, अर्धा तास ठेवतात आणि मग दुसरं रसायन थेंब-थेंब सोडून मोजतात (टायट्रेशन). पारावरच्या टेबलावर यातलं काहीच नव्हतं. पुढे आम्ही रिपोर्ट एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. चुलतभावाची ओढ्याकाठची काळी कसदार जमीन आणि आमचा माळावरचा मुरमाड तुकडा, दोन्हींचा कर्ब सारखा, सामू (पीएच) सारखा, नत्र, स्फुरद, पालाश दशांशापर्यंत सारखे. नाव तेवढं बदललेलं.

मग गोणी पुढे आली. ५० किलोची, १,१५० रुपये, एकरी चार. चार गोण्या टाका, सहा महिन्यांत कर्ब ०.८ होईल, शेणखताची गरजच नाही, असा शब्द दिला. याचं गणित प्रत्येकाने स्वतः करून बघावं. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. कर्ब नुसता ०.१ टक्क्याने वाढवायचा तरी ९०० किलो कर्ब त्या मातीत टिकून राहायला हवा. ०.२ वरून ०.८ वर न्यायचं तर ५,४०० किलो. आणि चार गोण्यांचं वजनच मुळी २०० किलो! त्यात नुसता कोळसा भरला असता तरी हिशेब जुळला नसता. शिवाय जमिनीत घातलेल्या सेंद्रिय पदार्थांतला बराचसा कर्ब जिवाणू खाऊन हवेत सोडतात, आपल्याकडच्या उन्हात तर फारच लवकर. शेणखत, ताग-धैंच्यासारखी हिरवळीची खतं, पालापाचोळा हे वर्षानुवर्षं घालत राहिलं तरच तो आकडा हळूहळू वर सरकतो.

गोणीतले दाणे मोहरीपेक्षा थोडे मोठे, काळेकुळकुळीत. चोळले की बोटांना काजळी लागायची. काचेच्या ग्लासात मूठभर टाकले तर रंग सुटून पाणी काळं झालं आणि आतून पिवळट राखाडी माती उघडी पडली. हलवल्यावर तळाला बुळबुळीत गाळ बसला. काही दाणे लोखंडी पळीत घालून निखाऱ्यात धरले. खरं सेंद्रिय खत धुमसतं, त्याची राख होते, वजन बरंच घटतं. हे दाणे मात्र भाजून आणखी कडक झाले. चिकणमातीच ती, वरून काळा रंग दिलेली. शेणखतातही माती असते, त्यामुळे घरची ही परीक्षा म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. पण गोणीत काय आहे ते समजायला ती पुरेशी आहे.

गोणीवर ठळक अक्षरांत '१०० टक्के सेंद्रिय' आणि कोपऱ्यात बारीक 'भूसुधारक'. बॅच नंबर नाही, उत्पादनाची तारीख नाही, घटकांचे टक्के नाहीत. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये सेंद्रिय खतांचे निकष ठरलेले आहेत. गांडूळखतात सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के हवा, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणून तर हे लोक गोणीवर 'खत' म्हणत नाहीत.

वर नोंदणी फी घेऊन सेंद्रिय प्रमाणपत्र देणार होते, हळद जादा दराने उचलणार होते. शिजवून, वाळवून हळद तयार झाली तेव्हा फोन बंद. असं प्रमाणपत्र गोणीबरोबर मिळतच नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतरण काळ धरतात. पीजीएस या गटाने मिळून प्रमाणपत्र घेण्याच्या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट लागतो आणि सभासद एकमेकांची शेतं तपासतात.

पैसे गेले त्याहून जास्त सलतं ते वेगळंच. शेजारच्या काकांनी या शब्दावर विसंबून शेणखताच्या ट्रॉल्या घेतल्या नाहीत. त्यांच्या जमिनीचं वर्ष वाया गेलं. आता गावात कुणी सेंद्रिय शेतीचा विषय काढला की "त्या गाडीवाल्यांचं का?" असं विचारतात. जे मनापासून करतायत त्यांच्या वाटेत हे काटे पेरून गेले.

माती तपासायची तर शेतात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्या, २० सेंटिमीटरपर्यंतची माती काढा, एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलो ठेवा. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा वगळा. आमच्याकडे तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, कर्बासह १२ घटक येतात.

आमच्याकडे पक्कं बिल नाही, कच्च्या चिठ्ठ्या आहेत. त्या, रिपोर्ट आणि गोण्यांचे फोटो जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ज्यांच्याकडे अशी शिवण न उसवलेली गोणी पडून असेल, त्यांनी ती फोडू नये, शेतात टाकू नये. उघड्या गोणीतल्या नमुन्यावर समोरचा सहज हरकत घेतो. चिठ्ठी आणि बंद गोणी घेऊन कृषी कार्यालयात जा, आणि तक्रारीच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्या.