टू-स्टेप लाँच कंट्रोल: आवाजाचा बार मोठा म्हणजे बूस्ट जास्त, असं नसतं

गाडी दोन लिटरची, चार सिलिंडर, टर्बो, गिअर हाताने टाकायचे. तिच्यात ड्रॅग रेसिंगचा अख्खा सीझन टू-स्टेपवाला आफ्टरमार्केट ईसीयू (इंजिन चालवणारा, बाहेरून बसवलेला संगणक) वापरला. टू-स्टेप म्हणजे लाँचच्या आधी, रेषेवरून सुटण्यापूर्वी, इंजिन ठरलेल्या आरपीएमवर धरून ठेवणारी सोय. निकाल आधीच सांगतो: जरूर घ्या, पण डब्यातून येतं त्या सेटिंगवर एकही लाँच मारू नका.

टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर आणि इंजिनात दाबाने हवा भरतो; तो दाब म्हणजे बूस्ट. रेषेवर उभ्या गाडीला नुसती रेस देऊन इंजिन ४,००० आरपीएमवर धरलं, तर त्यासाठी थ्रॉटल जेमतेम उघडावा लागतो. आत हवा थोडी, बाहेर गॅस थोडा, टर्बो आळसावलेला. क्लच सोडला की गाडी आधी मरगळते आणि मग अचानक उसळते. टू-स्टेप हे गणितच फिरवतो. क्लच दाबलेला, ॲक्सिलरेटर तळाला, थ्रॉटल सताड उघडा, आणि तरीही ईसीयू ठरलेल्या आरपीएमच्या वर जाऊ देत नाही. तो इंजिनाला कसा अडवतो, त्यावर जवळजवळ सगळा आवाज ठरतो.

या ईसीयूत तीन मार्ग आहेत. तिन्ही मी वापरून पाहिले, आणि कानाला तिन्ही वेगळे ओळखू येतात.

पहिला, स्पार्क तोडणं. ठिणगी नाही म्हणून सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा न जळताच बाहेर पडते आणि तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पेट घेते. आवाज बंदुकीच्या बारासारखा: कोरडा, तुटक, छातीवर आदळणारा. कंपनीचं मूळ सेटिंग हेच होतं, तेही ५,००० आरपीएमवर. प्रेक्षक खूश होतात, फोन वर जातात. पण स्फोट जर टर्बोच्या पुढे, पार सायलेन्सरच्या टोकाशी होत असेल, तर त्याचा टर्बाइनला (टर्बोचा एक्झॉस्टने फिरणारा पंखा) काडीचा उपयोग नाही. नुसती ज्वाळा दिसते, बूस्टचा काटा रेंगाळतो.

दुसरा, पेट्रोल तोडणं. यात बार नाहीत, दबलेली भर्रर्र असते. कारण सरळ आहे: ज्या सिलिंडरला पेट्रोल मिळालं नाही, तो गार हवाच पुढे ढकलतो. धातूला त्रास कमी, पण टर्बाइनला ऊर्जाही कमी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) असलेल्या गाडीला मी हाच मार्ग सुचवेन, कारण स्पार्क तोडून कच्चं पेट्रोल आत पाठवत राहिलात तर कन्व्हर्टर वितळतो.

तिसरा माझ्या आवडीचा: ठिणगी उशिरा टाकणं. पिस्टन वरून खाली निघाल्यावर ठिणगी पडते. जळण सुरू असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि जी उष्णता पिस्टनला ढकलायला हवी होती ती थेट टर्बाइनवर जाते. आवाज खोल, घोगरा, घुमणारा, मध्येच एखादा ठोका. ४,२०० आरपीएमवर, ठिणगी बरीच मागे घेऊन आणि अगदी थोडा स्पार्क-कट मिसळून, माझ्या गाडीत दोनेक सेकंदांत ०.७ बार (इथे बार म्हणजे दाबाचं माप) बूस्ट उभा राहतो. कडेला उभ्या असलेल्याला हा आवाज फिका वाटेल. क्लच सोडणाऱ्याला वाटणार नाही.

या ईसीयूची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे कट एकाच सिलिंडरवर न मारता तो आळीपाळीने फिरवतो, त्यामुळे ठोके एकसारखे येतात. दुसरी चांगली गोष्ट वेळेची मर्यादा. स्टेजिंगला, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावताना, समोरचा वेळ काढत बसला, तर पाच सेकंदांनी लाँच कंट्रोल आपोआप बंद होतो. एक्झॉस्टचं तापमान मी सेन्सरवर पाहतो. या अवस्थेत ते बघता बघता ९०० अंशांपलीकडे जातं, आणि टर्बाइन व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ते फार वेळ सोसत नाहीत. ही सोय नसलेला टू-स्टेप मी घेणार नाही.

नावडतं ते एवढंच: क्लचच्या स्विचबद्दल माहितीपुस्तिकेत दोन ओळी आहेत. स्विच पेडलच्या तळाशी सुटायला हवा की क्लच पकडतो तिथे, याने लाँच बनतो किंवा बिघडतो, आणि त्यावर एक पान तरी हवं होतं.

ट्रॅकवर मात्र आवाजातला सगळा फरक टू-स्टेपचा नसतो. शेजारच्या लेनमधली टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी) ऑटोमॅटिक ट्रान्सब्रेकवर, म्हणजे गिअरबॉक्सच अडवून गाडी जागेवर धरणाऱ्या सोयीवर, उभी असते तेव्हा इंजिन कन्व्हर्टरविरुद्ध जोर लावतं. खरा भार असल्याने बूस्ट तिथेच तयार होतो आणि आवाज सलग, चढत जाणारा. लिमिटर लागेपर्यंत एकही बार नाही. जुन्या सुबारू इम्प्रेझाचा गडगडाट एक्झॉस्टच्या असमान लांबीच्या पाइपांमुळे येतो. समान लांबीचे लावले की तो जातो. ऑडीच्या पाच सिलिंडरमध्ये १-२-४-५-३ या क्रमाने दर १४४ अंशांना ठिणगी पडते, म्हणून तिची गुरगुर लांबूनही वेगळी कळते. आणि एखादी गाडी लाँचनंतर किंचाळत असेल, तर तिच्या बाहेरच्या वेस्टगेटचा (टर्बाइनला नको असलेला गॅस बाजूने सोडणारा व्हॉल्व्ह) पाइप सायलेन्सरला न जोडता थेट हवेत सोडलेला असणार.

गिअर बदलताना अजून एक गंमत कळते. पाय उचलून गिअर टाकला की थ्रॉटल मिटतो, अडकलेला दाब ब्लो-ऑफ व्हॉल्व्हमधून फिस्स करत निघतो. तो व्हॉल्व्ह नसेल तर हवा कॉम्प्रेसरवर (टर्बोचा हवा भरणारा पंखा) उलटी येते आणि तुतुतुतु ऐकू येतं. याच ईसीयूतलं फ्लॅट-शिफ्ट चालू केलं की पाय उचलायचाच नसतो. थ्रॉटल उघडाच राहतो, त्यामुळे फिस्स गायब होते आणि तिच्या जागी एक ठोका येतो. माझ्या गाडीत दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बूस्ट आता जेमतेम हलतो. नुसत्या या सोयीसाठीसुद्धा मी हा ईसीयू पुन्हा घेईन.