पहिल्यांदाच शर्यत भरवताय? मार्ग सरळ, जा-ये, मोठा गोल की फेऱ्यांचा, हे आधी ठरवा

धावण्याची शर्यत भरवायचं ठरलं की पहिल्या बैठकीचा तासभर टी-शर्टचा रंग, पदकाचा आकार आणि पाहुणे कोण यांतच जातो. मार्गाचा विषय शेवटी निघतो आणि ‘इथून निघू, तिथे संपवू’ एवढ्यावर मिटतो. स्वयंसेवक, आयोजक आणि शेवटच्या माणसामागून सायकलवर येणारी अशी सगळी कामं माझी करून झाली आहेत, आणि माझं मत याच्या अगदी उलट बनलं आहे. आधी मार्गाचा आकार ठरवा. माणसं किती लागतील, पाण्याची टेबलं किती, रस्ता किती वेळ बंद ठेवायचा, कुणी कोसळलं तर मदत कधी पोचेल, हे सगळं त्या एका निर्णयातून ठरतं.

खालची तुलना ५ किलोमीटरची, तीनशे ते पाचशे माणसांची, पहिलीच शर्यत डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

कशाने मोजायचं

मी प्रत्येक मार्गाला एकच प्रश्न विचारते: मार्गावरच्या सगळ्यात अडचणीच्या जागी कुणाचं हृदय बंद पडलं, तर एईडी तिथे किती मिनिटांत पोचेल? एईडी म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं, बोलून सूचना देणारं छोटं यंत्र. तासाभराच्या प्रशिक्षणानंतर ते कुणालाही वापरता येतं. छाती दाबणं सुरू झालं नाही आणि झटकाही मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास झाला. त्यांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एकाचं. धावणं धोक्याचं नाही, हेच त्यातून दिसतं. पण त्या ५९ पैकी ४२ जण वाचले नाहीत, आणि बहुतेक घटना मार्गाच्या शेवटच्या चतुर्थांशात घडल्या. एईडी कुठे ठेवायचं याचं उत्तर या शेवटच्या मुद्द्यात आहे.

सायकलवरचा स्वयंसेवक गर्दीतून ताशी १५ किलोमीटरने जातो असं धरू. म्हणजे मिनिटाला २५० मीटर. आता एकेक मार्ग या मापाने पाहू.

सरळ मार्ग: एका टोकाला सुरुवात, दुसऱ्या टोकाला शेवट

दिसायला सगळ्यात देखणा मार्ग हाच. एका जागेहून निघून दुसऱ्या जागी पोचल्याचं समाधान मोठं असतं. बॉस्टन मॅरेथॉनचा मार्ग असाच आहे. २०११ मध्ये जेफ्री मुटाई तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत धावला. तोवर ते अंतर इतक्या वेगाने कुणीच कापलं नव्हतं. तरीही तो जागतिक विक्रम धरला गेला नाही. विक्रमासाठी सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त चालत नाही, आणि उतार किलोमीटरला सरासरी १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. बॉस्टन या दोन्ही अटींत बसत नाही.

तुम्हाला विक्रमाशी घेणंदेणं नसेल, पण बाकीच्या अडचणी तुमच्या वाट्याला येतातच. सगळं दोनदा लागतं: दोन मैदानं, दोन ठिकाणी शौचालयं, दोन ध्वनिक्षेपक, दोन डॉक्टर. सामानाच्या पिशव्या इकडून तिकडे न्यायला गाडी हवी, माणसांना परत आणायला बस हवी. मार्गाच्या मध्यावर एकच एईडी ठेवलं, तर टोकाचा माणूस अडीच किलोमीटरवर, म्हणजे १० मिनिटांवर राहतो. पहिल्या शर्यतीला हा मार्ग घेऊ नका. इथे माझं मत ठाम आहे.

जा-ये: अर्धं अंतर जाऊन त्याच वाटेने परत

आयोजकाचे कष्ट वाचवणारा आकार. रस्ता अडीच किलोमीटरचाच सांभाळायचा, पाण्याचं एकच टेबल दोनदा उपयोगी पडतं, आणि सुरुवात-शेवट एकाच जागी असल्यामुळे सामान, डॉक्टर, आईवडिलांची वाट बघणारी मुलं सगळं एकत्र राहतं. एक एईडी मध्यावर ठेवलं तर कुणीही सव्वा किलोमीटरच्या, म्हणजे ५ मिनिटांच्या पलीकडे नसतं. मागे पडलेल्यांना पुढचे समोरून येताना दिसतात, नावाने हाका मारतात. हा आनंद दुसऱ्या कुठल्याच मार्गावर मिळत नाही.

अडचणी दोन. पहिली रुंदीची. जाणारे आणि येणारे यांच्यामध्ये शंकू किंवा दोरी लागतेच, शिवाय रुग्णवाहिकेला मोकळी पट्टी हवी. रस्ता अरुंद असेल तर ती पट्टीच उरत नाही, आणि जो मार्ग कागदावर सुरक्षित वाटत होता तो प्रत्यक्षात तुंबतो. दुसरी अडचण वळणाच्या जागेची. तिथला स्वयंसेवक दोन मिनिटं हलला की आघाडीचा घोळका सरळ निघून जातो. मी हे घडताना पाहिलं आहे. ती मुलं साडेपाच किलोमीटर धावून आली आणि बक्षिसाबाहेर गेली. वर्षभर सराव केलेल्या मुलाला त्या क्षणी काय सांगायचं, हे मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून वळणावर मी दोन माणसं ठेवते, आणि तिसरा असतो तो नोंद करणारा.

एक मोठा गोल

धावणाऱ्याला सगळ्यात आवडणारा. समोरून कुणी येत नाही, तेच दृश्य पुन्हा दिसत नाही. पण पाचही किलोमीटर सांभाळावे लागतात, आणि प्रत्येक चौकात माणूस लागतो.

याहून मोठी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते: बंद गोलाच्या आत राहणारी माणसं अडकतात. त्यांना कामावर जायचं असतं, दूधवाल्याला आत यायचं असतं, आणि एखाद्या घरी त्याच वेळी प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या असू शकतात. गोल निवडलात तर आतबाहेर करायला एक दार ठरवा. तिथे शिट्टी आणि झेंडा घेतलेली अनुभवी माणसं उभी करा, आणि आत राहणाऱ्यांना आठवडाभर आधी घरोघरी जाऊन सांगा. गोलाच्या पोटातून जाणारे आडवे रस्ते असतील तर मात्र मदत भराभर पोचते. तलाव किंवा टेकडी मध्ये असेल तर ती सोयही नाही.

छोट्या फेऱ्या

अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या. एक एईडी शेवटच्या रेषेवर आणि दुसरं फेरीच्या बरोबर समोरच्या बाजूला ठेवलं, तर मार्गावरची कुठलीही जागा जवळच्या यंत्रापासून जास्तीत जास्त ६२५ मीटरवर येते. सायकलवरून अडीच मिनिटं. आणि शर्यतीचा शेवटचा चतुर्थांश, जिथे धोका जास्त, तो नेमका या दोन यंत्रांच्या मधल्या पट्ट्यात पडतो. दुसरा कुठलाही आकार फक्त दोन यंत्रांत एवढं देत नाही. जा-येत ६२५ मीटर साधायला दोन्ही यंत्रं वाटेवर मांडावी लागतात, मग शेवटच्या रेषेवर एकही राहत नाही.

फेऱ्यांवरचा आक्षेप ठरलेला असतो: वेगवान धावपटू मागच्यांना पुन्हा गाठतात आणि गर्दी होते. आक्षेप खरा आहे, पण किती खरा ते फेऱ्यांच्या संख्येवर ठरतं, आणि हे गणित फार थोडे लोक करतात. दोन फेऱ्यांत पहिला येणारा फक्त त्यांनाच गाठतो, ज्यांचा वेग त्याच्या निम्म्याहून कमी आहे. तीन फेऱ्या केल्या तर त्याच्या दोनतृतीयांश वेगाखालचे सगळे, चार केल्या तर पाऊण वेगाखालचे सगळे. आकड्यांत सांगायचं तर, पहिला किलोमीटरला ४ मिनिटांनी धावत असेल, तर दोन फेऱ्यांत तो ८ मिनिटांपेक्षा हळू असलेल्यांनाच गाठेल, म्हणजे बहुतेक चालणाऱ्यांना. तीन फेऱ्यांत ६ मिनिटांपेक्षा हळू असलेले सगळे त्याच्या वाटेत येतील. चार फेऱ्यांत ५ मिनिटं २० सेकंदांच्या मागचे, आणि हौशी शर्यतीत निम्म्याहून अधिक धावपटू त्यांतच असतात. म्हणून फेऱ्या दोनच. तिसरी घेऊ नका.

राहिला प्रश्न एकच फेरी मारून शेवटची रेषा ओलांडणाऱ्यांचा. बहुतेक जण चुकून तसं करतात. पहिली फेरी संपताना प्रत्येकाच्या हातात रबरी पट्टी द्या आणि शेवटी ती तपासा. दुसऱ्या फेरीची आणि शेवटच्या रेषेची वाट जिथे वेगळी होते, त्या दुभाजकाच्या आधी पन्नास मीटरवर ‘फेरी’ आणि ‘शेवट’ असे ठळक फलक लावा, आणि तिथे ज्याचा आवाज मोठा आहे असा माणूस उभा करा.

रस्ता की मैदान, बाग, आवार

हा निर्णय तुलनेने सोपा आहे. वाहतूक पूर्ण बंद करण्याची परवानगी मिळत असेल तर रस्ता. अर्ध्या रस्त्यावर शंकू लावून दुसऱ्या अर्ध्यावर गाड्या चालू ठेवायच्या असतील तर मी नाही म्हणेन. शंकू गाडीला अडवत नाही, आणि पुढच्याला ओलांडायच्या भरात धावपटू शंकूच्या बाहेर जातो. तशी वेळ आली तर एखादं बंद आवार किंवा बागेतली वाट बघा. वेग थोडा मंदावेल, वळणं जास्त येतील, पण मागून गाडी येणार नाही.

अंतर मात्र कुठेही नीट मोजा. मनगटावरचं घड्याळ वळणावळणावर थोडं जास्त-कमी दाखवतं. मान्य पद्धत आहे पुढच्या चाकाला मोजणी यंत्र लावलेल्या सायकलची: आधी फितीने मोजलेल्या पट्ट्यावर सायकल तपासायची, मग वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून सगळ्यात जवळच्या वाटेने जायचं. वर हजाराला एक मीटर वाढवायचा, म्हणजे ५ किलोमीटरसाठी ५,००५ मीटर, जेणेकरून मार्ग कमी भरणार नाही. दोन फेऱ्यांच्या मार्गात हे काम एकाच फेरीपुरतं असतं.

वेळ हाताने नोंदवायची की चिपने

तीनशेपर्यंत माणसं असतील तर हाताने जमतं. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंनी सुरू झालेली पार्करन ही दर आठवड्याची मोफत ५ किलोमीटरची धाव आजही स्वयंसेवकांनी हाताने नोंदवलेल्या वेळेवर चालते. रेषा ओलांडली की क्रमांकाचा टोकन घ्यायचा, एवढंच. त्यासाठी रेषेपलीकडे दोरीची अरुंद वाट हवी, नाहीतर क्रम मोडतो. पाचशेच्या वर, किंवा बक्षिसाची रक्कम असेल, तर बिबमागच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकामागच्या, चिपवर खर्च करा. सुरुवातीची गर्दी तुकड्यांत सोडायची असेल तरीही चिपच बरी, कारण प्रत्येकाचा वेळ त्याने रेषा ओलांडल्यापासून सुरू होतो.

थांबवायची वेळ आली तर

मार्गाच्या आकाराची खरी परीक्षा इथे होते. २००७ मध्ये शिकागो मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्येच थांबवावी लागली, तेव्हा हजारो माणसं वाटेवर पसरलेली होती. २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत अचानक आलेल्या गारठ्यात आणि वाऱ्यात सापडली आणि २१ जण गेले. वाहनं पोचायला अवघड अशा भागात ते अडकले होते. तुमची शर्यत ५ किलोमीटरची आहे, तरी प्रश्न तोच: थांबा म्हटल्यावर माणूस कुठे असेल? दोन फेऱ्यांच्या मार्गावर उत्तर तयार असतं. दुभाजकावर दुसऱ्या फेरीची वाट बंद करा, सगळे एकाच फेरीनंतर शेवटच्या रेषेवर येतात, जिथे पाणी, सावली आणि डॉक्टर आहेत. जा-येत वळण अलीकडे आणता येतं. सरळ मार्गात असं काहीच करता येत नाही.

कधी थांबायचं, हेही आधी लिहून ठेवा. तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरणारा डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक असतो. साध्या तापमानापेक्षा तो वेगळा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या जुन्या मार्गदर्शनात २८ अंशांच्या वर शर्यत घेऊ नये असं आहे. विजेसाठी नियम सोपा: शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं थांबायचं. निर्णय घेणारी व्यक्ती एकच असावी, तिचं नाव सगळ्या स्वयंसेवकांना माहीत असावं, आणि प्रायोजकाशी बोलण्याचं काम तिच्याकडे नसावं.

शेवटच्या रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचा एक मोठा टब भरून ठेवा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळायला लागला, तर रुग्णवाहिकेत घालण्याआधी त्याला गळ्यापर्यंत त्या पाण्यात बसवून थंड करायचं असतं. आधी थंड करणं, मग रुग्णालय. हा क्रम डॉक्टरांशी शर्यतीच्या आधीच बोलून घ्या, कारण त्या गडबडीत सगळ्यांची घाई गाडीकडे असते.

मग माझा कौल? मोकळी, गाड्या नसलेली अडीच किलोमीटरची फेरी मिळत असेल तर दोन फेऱ्या. फेरी मिळत नसेल, पण दोन्ही बाजूंनी धावून मध्ये रुग्णवाहिका जाईल इतका रुंद रस्ता असेल, तर जा-ये. मोठा गोल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, माणसं तयार झाल्यावर.

नक्की करण्याआधी एक सकाळ काढा. शर्यत ज्या वारी, ज्या वेळी असेल त्याच वारी, त्याच वेळी सायकलवर एईडीएवढं ओझं बांधून मार्गावर जा आणि लांबच्या जागेपर्यंतची मिनिटं घड्याळावर मोजा. तीनपेक्षा जास्त निघाली, तर आणखी एका यंत्राची सोय करा किंवा मार्ग आखूड करा.