वजनदार चालकासाठी डाउनहिल ब्रेक: ताकदीआधी उष्णतेचा हिशेब

डाउनहिलसाठी, म्हणजे माउंटन बाइकवरून तीव्र डोंगरउतार उतरण्यासाठी, ब्रेक निवडणाऱ्या वजनदार चालकाला बहुधा एकच सल्ला मिळतो: चार पिस्टनचा (पिस्टन म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेकचे पॅड दाबणारे दट्टे), मिळेल तो सर्वांत ताकदवान ब्रेक घ्यावा. सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. आजचा कोणताही बऱ्या दर्जाचा चार पिस्टनचा ब्रेक थंड असताना चाक जागीच अडकवू शकतो. शंभर किलोच्या आसपास वजन असलेल्या चालकाची कसोटी लागते ती लांब उताराच्या उत्तरार्धात, जेव्हा रोटर, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची धातूची चकती, तापलेला असतो, पंजे आंबलेले असतात आणि सुरुवातीला एका बोटाने मिळणारी पकड मिळवण्यासाठी लीव्हर कितीतरी जोराने ओढावा लागतो. म्हणून पुढील परीक्षणात ब्रेक किती जोराने थांबवतो यापेक्षा तो किती वेळ तसाच थांबवत राहतो, आणि त्यासाठी हाताकडून किती श्रम घेतो, या दोन गोष्टींना मी अधिक महत्त्व दिले आहे.

हिशेब साधा आहे. शंभर किलोचा चालक 18 किलोच्या सायकलवरून 500 मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे 578 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. त्याच सायकलवर 70 किलोचा चालक असेल, तर हा आकडा 431 किलोज्यूलच्या आसपास राहतो. यातला काही भाग हवेचा रोध, टायर आणि सस्पेन्शन खातात, परंतु तांत्रिक आणि तीव्र उतारावर बराच मोठा वाटा ब्रेककडेच येतो. म्हणजे त्याच दोन रोटरना जवळपास एक तृतीयांश जास्त उष्णता पचवायची असते, आणि कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणारा भाग, कितीही दणकट असला तरी हे काम मुख्यतः रोटरचेच आहे.

त्यामुळे पहिला खर्च रोटरवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यास 203 वरून 220 मिलिमीटर केला की तितक्याच दाबाला सुमारे आठ टक्के जास्त थांबवण्याचा जोर मिळतो आणि तापायला धातूही अधिक मिळतो. जाडीचे महत्त्व मात्र व्यासाइतके बोलले जात नाही. बाजारातील बरेच रोटर सुमारे 1.8 मिलिमीटर जाडीचे असतात. स्रॅम कंपनीचे एचएस2 रोटर 2 मिलिमीटरचे, तर टीआरपीच्या डीएचआर इव्हो ब्रेकसोबतचे 2.3 मिलिमीटरचे आहेत. जाड रोटर सावकाश तापतो आणि सहजी वाकत नाही. मात्र तो आपल्या कॅलिपरमध्ये पॅडना न घासता बसतो का, हे आधी तपासावे लागते. फ्रेम आणि फोर्क यांच्या उत्पादकाने ठरवलेली कमाल व्यासमर्यादा तर ओलांडूच नये. शिवाय 200 आणि 203 मिलिमीटरचे रोटर एकच समजून जोडणारे बरेच जण भेटतात; त्रिज्येतला दीड मिलिमीटरचा हा फरक अडॅप्टर किंवा वॉशरने भरून काढला नाही, तर पॅड रोटरवर नीट बसत नाहीत.

आता ब्रेककडे वळू. वजनदार चालकासाठी माझी पहिली पसंती स्रॅम मेव्हनला आहे. 2024 मध्ये आलेल्या या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये 18 आणि 19.5 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनच्या जोड्या आहेत, तर त्याच कंपनीच्या कोड या ब्रेकमध्ये त्या 15 आणि 16 मिलिमीटरच्या आहेत. क्षेत्रफळाचा विचार केला तर ही वाढ 46 टक्क्यांच्या घरात जाते. केवळ क्षेत्रफळावरून ताकद ठरत नाही, लीव्हरची यंत्रणाही त्यात असते, तरीही हा फरक पहिल्याच तीव्र वळणाआधी जाणवण्याइतका आहे. कॅलिपरही भरपूर धातूचा आहे आणि त्यामुळे उतारभर पकड फारशी बदलत नाही. दोष सांगायचा तर मूळ आवृत्तीचा लीव्हर सुरुवातीच्या ओढीला जड लागतो, आणि हलक्या चालकाला ही ताकद अनावर वाटू शकते. आपल्यासारख्यांना ती अनावर वाटत नाही, हा वजनाचा एक दुर्मीळ फायदा म्हणावा लागेल!

ज्यांचे पंजे लवकर आंबतात त्यांनी मात्र हेज डोमिनियन ए4 आधी हाताळून पाहावा. 17 मिलिमीटरचे चार पिस्टन, हलका लीव्हर आणि दाब कमीजास्त करताना मिळणारा नेमका प्रतिसाद ही त्याची बलस्थाने आहेत. कॅलिपर रोटरच्या मध्यावर आणण्यासाठी त्यात छोटे स्क्रू दिलेले आहेत, त्यामुळे रोटर किंचित घासण्याची नेहमीची कटकट बरीच कमी होते. निव्वळ जोरात तो मेव्हनच्या मागे आहे, पण 220 मिलिमीटरचा रोटर लावल्यास ही उणीव बरीचशी भरून निघते.

शिमानो सेंट एम820 हा 2012 पासूनचा ब्रेक असला तरी तो बाद ठरत नाही. सिरॅमिक पिस्टनमुळे पॅडची उष्णता तेलाकडे कमी जाते, पॅडच्या मागचे पंख ती हवेत सोडतात, आणि सर्व्हो वेव्ह यंत्रणा पॅड रोटरजवळ झटकन आणून नंतर लीव्हरचा जोर वाढवते. परिणामी पकड एकदम येते. काहींना हेच आवडते, तर ओल्या मुळांवरून उतरताना मला ते अडचणीचे वाटते. मागुरा एमटी7 ताकदीत कुठेही कमी नाही आणि त्याचे नियंत्रणही सुरेख आहे, पण त्याचा लीव्हर ज्यात बसतो तो भाग कार्बन फायबर मिसळलेल्या प्लास्टिकचा असल्याने स्क्रू आवळताना टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरणेच इष्ट. कोड ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी तो लगेच बदलण्याची घाई करू नये. मोठे, जाड रोटर आणि धातूचे पॅड लावून तो बराच पुढे नेता येतो.

तेलाच्या प्रकारावरून निवड करण्याचे मला फारसे कारण दिसत नाही, मात्र देखभाल त्यावरून ठरते. डॉट 5.1 या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 260 अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि मग किमान मर्यादा 180 अंशांवर येते. ब्रेक सतत तापवणाऱ्या चालकाने ते नियमित बदलावे आणि रंगावर सांडू देऊ नये. मिनरल ऑइल हे दुसऱ्या प्रकारचे तेल पाणी शोषत नाही, परंतु आत शिरलेले पाणी तळाशी, म्हणजे कॅलिपरपाशी, साचते आणि शंभर अंशांनाच उकळते. एका तेलासाठी बनवलेल्या ब्रेकमध्ये दुसरे घातल्यास सील निकामी होतात.

पॅड धातूचेच, म्हणजे सिंटर्ड घ्यावेत. ते ऑरगॅनिक पॅडपेक्षा जास्त आवाज करतात आणि थंड असताना पकड थोडी उशिरा देतात, पण तापल्यावर टिकून राहतात आणि सावकाश झिजतात. काही स्वस्त रोटरवर फक्त रेझिन, म्हणजे ऑरगॅनिक, पॅड वापरावेत असे छापलेले असते. अशा रोटरवर सिंटर्ड पॅड लावू नयेत. नवे पॅड आणि रोटर बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून, चाक अडकू न देता आणि पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा वेग कमी करत त्यांना बसू द्यावे. वजनदार चालकाचा पहिला उतार एवढा तापदायक असतो की हे काम न करता थेट डोंगरावर गेल्यास पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि मग सर्वांत ताकदवान ब्रेकही नुसता किंचाळत राहतो.