‘४८,००० जमा’ असा मेसेज आला, पैसे आलेच नाहीत

मी कोल्हापुरात राहते आणि लहान मुलांसाठी चित्रं काढते. माझं दुकान असं कुठे नाही. चित्रांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकते, प्रिंट विकते, अधूनमधून कुणी एखाद्या छोट्या पुस्तकाचं काम सांगतं. गेल्या जूनमध्ये अशाच एका कामाच्या नावाखाली माझे ३०,००० रुपये गेले. एकट्याने काम करणारे माझ्यासारखे चित्रकार पुष्कळ आहेत आणि ही फसवणूक नेमकी आपल्याला बघूनच बेतलेली आहे, म्हणून सगळं तपशिलात सांगते.

पहिला मेसेज स्वच्छ मराठीत होता. ‘तुमची जांभळाच्या झाडावरची खार बघितली आणि मला माझं आजोळ आठवलं.’ हे गृहस्थ अमेरिकेत राहतात, तिथल्या मराठी मुलांची रविवारची शाळा बघतात, असं त्यांनी लिहिलं. तिकडे महाराष्ट्र मंडळांच्या अशा शाळा खरोखरच भरतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चार ते सात वर्षांच्या मुलांना शब्द शिकवण्यासाठी आठ चित्रकार्डं हवी होती. आमराई, गोठा, ओढा, बैलगाडी असे विषय. माझ्या प्रोफाइलवर मी लिहिलं आहे की ‘किशोर’मधली चित्रं गिरवत माझा हात बसला. बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतंय, आमच्या घरी आईने त्याचे जुने अंक जपून ठेवले होते. तर हे म्हणाले, ‘मीही किशोर वाचतच वाढलो.’ तेवढ्यावर मी त्यांना आपलं माणूस मानलं.

मी एका चित्राचे ४,५०० सांगितले. एरवी इथे घासाघीस सुरू होते. ‘लहान मुलांचंच तर चित्र आहे, त्याला एवढे?’ हे मी किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. यांनी लगेच हो म्हटलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण आपल्या कामाचं मोल कुणी कुरकुर न करता मान्य केलं की संशय येत नाही, भरून येतं. फोनवर बोलूया का असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘मला ऐकू कमी येतं, लिहूनच बोलूया.’ त्यावर आग्रह कसा धरणार?

तीन दिवस मी आमराईच्या चित्रावर बसले. झेल्याने आंबा उतरवणारा मुलगा, खाली परकर पसरून उभी असलेली त्याची बहीण. कच्चं रेखाटन पाठवलं. त्यांनी मुलीच्या हातात टोपली द्यायला सुचवलं, आणि सूचना चांगली होती. जो माणूस चित्र इतकं नीट बघतो तो चोर असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

अर्धी रक्कम, म्हणजे १८,००० रुपये, आधी द्यायची ठरली. मी खातं क्रमांक आणि आयएफएससी कोड पाठवला. दुपारी पार्सलं बांधत असताना फोनवर मेसेज आला: आपल्या अमुक आकड्यांनी संपणाऱ्या खात्यात ४८,००० रुपये जमा. लगोलग त्यांचं लिहिणं आलं. ‘पुण्यातल्या मेहुण्याकडून पाठवले. त्यातले ३०,००० कार्डांचा मजकूर लिहिणाऱ्या बाईंचे आहेत, माझी रक्कम थेट त्यांच्या बँकेत जात नाही. तेवढे त्यांना पाठवाल का? त्या आज मजकूर देतील, म्हणजे तुमचं काम अडणार नाही.’ कुरिअरवाला दारात उभा होता. मी पिन टाकून दोनदा १५,००० पाठवले. गेले ते माझे स्वतःचे, मोठा स्कॅनर घ्यायला साठवलेले.

संध्याकाळी त्याच बाईंसाठी आणखी १२,००० मागितले, तेव्हा मी धाकट्या भावाशी बोलले. त्याने एकच विचारलं, ‘ताई, ॲप उघडून शिल्लक बघितलीस का?’

बघितली नव्हती. खात्यात जमा काहीच नव्हतं. मग आम्ही ते मेसेज शेजारी ठेवून पाहिले. पैसे गेल्याचे दोन्ही मेसेज बँकेच्या नेहमीच्या अक्षरी नावाने, जुन्या मेसेजांच्या खाली आले होते. ‘जमा’चा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. माझी बँक प्रत्येक वेळी शिल्लक कळवते, यात शिल्लक नव्हती. खात्याचे शेवटचे आकडे बरोबर होते, कारण ते मीच दिले होते.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तोवर पाच तास उलटले होते. हा नंबर आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा. फसवणूक कळल्याबरोबर फोन केला तर पुढच्या खात्यात पैसे असेपर्यंत ते रोखता येतात. माझे ६,००० गोठवले गेले, बाकीचे तोवर पुढच्या खात्यांत फिरून निघाले होते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, मेसेजांचे स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जोडले. बँकेत सांगितलं गेलं की पिन तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे हा तुमच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार धरता येत नाही. ते ऐकून काउंटरवरच डोळ्यांत पाणी आलं.

आमराईची पूर्ण आकाराची फाइलही मी पाठवून बसले होते. तिच्याबद्दल मात्र मला धीर आला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा धरतात; एरवी तो सहीच्या लेखी कराराशिवाय दुसऱ्याच्या नावे होत नाही. मला मोबदला मिळालाच नव्हता, आणि असा करारही आमच्यात झाला नव्हता. आता कच्चं काम लहान आकारात, आडव्या सहीसह पाठवते. ॲडव्हान्स ॲपमधल्या शिल्लकेत दिसल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. आणि कुणाचेही पैसे माझ्या खात्यातून तिसऱ्याला देत नाही, मग कारण कितीही सोज्वळ असो.

ऑगस्टमध्ये नाशिकच्या एका चित्रकार मैत्रिणीने मला एक मेसेज दाखवला. आठ कार्डं, वय चार ते सात, ऐकू कमी येतं. सुरुवात होती: ‘तुमचा भाताच्या खाचरातला बगळा बघितला आणि मला माझं आजोळ आठवलं.’ तिने उत्तर दिलेलं नव्हतं. तो स्क्रीनशॉट मी माझ्या तक्रारीला जोडला.