लान हाच्या उपसागरात वीस तास

लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे अकरा दिवसांसाठी व्हिएतनामला गेलो होतो. प्रवासभर साधी हॉटेले, रस्त्याकडेची नूडल्सची दुकाने आणि रात्रीची रेल्वे असाच बेत ठेवला आणि सढळ हाताने खर्च केला तो एकाच गोष्टीवर: उत्तरेकडच्या समुद्रातील एका आलिशान बोटीवरची एक रात्र. बाल्कनी असलेल्या केबिनचे दोघांचे मिळून सुमारे ४०,००० रुपये झाले. हनोईच्या जुन्या पेठेत आम्ही ज्या स्वच्छ, नीटनेटक्या हॉटेलात उतरलो होतो, तिथल्या सोळा रात्रींचे भाडे तेवढे होते. एवढे पैसे एका रात्रीसाठी मोजावेत की नाही, हा प्रश्न जाण्यापूर्वी आम्हाला पडला होता आणि इतरांनाही पडत असेल, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अशा बोटी चालवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि त्यांचे कार्यक्रम बहुतेक सारखेच असतात, त्यामुळे कंपनीच्या नावापेक्षा तिला काय विचारावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिला निर्णय उपसागराचा: हालोंग की त्याच्या शेजारचा ‘लान हा’. हालोंगचा उपसागर १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, २००० साली त्याच्या भूशास्त्रीय महत्त्वाचीही नोंद झाली आणि २०२३ मध्ये शेजारच्या कॅट बा द्वीपसमूहाचा त्यात समावेश झाला. हे दोन्ही पाण्याने एकमेकांना जोडलेले आहेत. मात्र हालोंग क्वांग निन्ह प्रांतात मोडतो आणि कॅट बा बेटाला लागून असलेला ‘लान हा’ उपसागर हाय फाँग शहराच्या हद्दीत येतो. हालोंगच्या मधल्या भागात प्रसिद्ध गुहा आहेत, तसेच सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्ह यांचे नाव मिळालेले ती तोप बेटही आहे, त्यामुळे हनोईहून एका दिवसासाठी येणाऱ्या बहुतेक बोटी तिथेच गर्दी करतात. लान हामध्ये तेच सुळके, तेच हिरवट पाणी आणि त्यामानाने कमी वर्दळ आहे. आम्ही लान हा निवडले आणि या एका निवडीबद्दल मला पूर्ण समाधान आहे.

सकाळी साडेआठला हनोईच्या हॉटेलवरून ऐसपैस खुर्च्यांच्या नऊ आसनी व्हॅनने आम्हाला उचलले. तुआन चाऊच्या धक्क्यापर्यंत द्रुतगती मार्गाने सुमारे अडीच तास लागतात. वाटेत बाख डांग नदीवरचा तारांनी तोललेला मोठा पूल लागतो. बरेचसे प्रवासी त्या वेळी डुलक्या घेत असतात, पण हीच ती नदी, जिच्या पात्रात ९३८ साली व्हिएतनामी सेनापती न्गो क्वेन याने आणि पुढे १२८८ साली त्रान हुंग दाओ याने लाकडी मेढी रोवून शत्रूचे आरमार अडकवले होते. भरतीच्या पाण्यात मेढी दिसत नव्हत्या, शत्रूची जहाजे त्यांच्यावरून आत ओढून आणली गेली आणि ओहोटी लागताच ती मेढींवर रुतली. माझे माहेर गुहागरजवळचे, भरती-ओहोटी पाहतच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे त्या पुलावरून जाताना मी खिडकीला नाक लावून बसले होते आणि पुढच्या वीस तासांत तेच पाणी माझ्या मनात राहिले.

बोट चार मजली आणि पांढरी होती. खोली साधारण तीनशे चौरस फुटांची, काचेला लागून न्हाणीचा टब असलेली, आणि पलीकडे दोन खुर्च्या व एक छोटे टेबल मावेल एवढी बाल्कनी होती. चादरी, टॉवेल, पाण्याचा दाब, गरम पाणी, कशातही नाव ठेवायला जागा नव्हती. बोट सुटण्यापूर्वी लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि ते कसे घालायचे हे खलाशांनी प्रत्येकाला प्रत्यक्ष दाखवले, आणि ते घाईने उरकले नाही याची मी मुद्दाम नोंद करते. जुलै २०२५ मध्ये हालोंगमध्येच अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटून अनेकांचे जीव गेले. ती दिवसाची बोट होती, तरी ही बातमी वाचून आमच्या घरच्यांनी काळजी व्यक्त केली होती. या भागात वादळांचा मुख्य काळ जून ते सप्टेंबर असतो आणि वादळाचा इशारा आला की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत. म्हणूनच आम्ही नोव्हेंबर निवडला. आकाश निरभ्र होते, समुद्र तळ्यासारखा शांत होता आणि बोट लागण्याचा त्रास यांनाही झाला नाही, ज्यांना एरवी घाटातल्या एसटीतही त्रास होतो.

जेवणाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या अनेक घरांत एक जण मासे खाणारा आणि एक शाकाहारी असतो. मला दुपारी गवती चहाच्या पातीत उकडलेल्या तिसऱ्या, वाफवलेला मासा, भाजलेली कोळंबी आणि माकूल मिळाले. सगळे ताजे, आणि मसाला एवढा बेताचा की माशाची मूळ चव लपत नव्हती. सुक्या खोबऱ्याच्या वाटणाची सवय असलेल्या जिभेला हे आधी अळणी वाटते, पण लिंबू, मीठ आणि मिरीची बुकणी घेऊन खाल्ले की त्यातली गंमत कळते. हे शाकाहारी आहेत. त्या भाषेत शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात आणि ही कल्पना तिथे परकी नाही, कारण अनेक बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मासमच्छर खात नाहीत. तरीही ‘भाजी’ म्हणून येणाऱ्या पदार्थात माशापासून केलेला खारट रस सर्रास असतो. आम्ही बुकिंगच्या वेळी तसे लेखी कळवले होते, तरी पहिल्याच जेवणात लसणीवर परतलेल्या पालेभाजीला तो वास आला. सांगताच त्यांनी ताट उचलले, मुख्य आचारी स्वतः टेबलाशी आला, आणि पुढच्या दोन्ही जेवणांत यांच्यासाठी टोफू, अळंबी, कच्च्या पपईची कोशिंबीर आणि भाज्यांचे रोल वेगळ्या भांड्यांत तयार झाले. चूक झाली हे खरे, पण ती ज्या आस्थेने दुरुस्त झाली, त्यामुळे मनात काही राहिले नाही.

दुपारचा कार्यक्रम अंधाऱ्या आणि उजेडाच्या गुहेजवळ कयाक वल्हवण्याचा होता. नाव गुहेचे असले तरी तो डोंगराखालून जाणारा एक आरपार बोगदा आहे. डोके वाकवून त्या अंधारातून वल्हे मारत पलीकडे गेले की चारही बाजूंनी उभे कडे असलेले एक गोल तळे उघडते. या डोंगरांचा चुनखडक सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचू लागला, नंतर वर उचलला गेला, पावसाच्या पाण्याने विरघळत विरघळत त्याचे सुळके झाले आणि शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा मधल्या दऱ्या बुडाल्या. आपला सह्याद्री लाव्हाचा आणि त्यामानाने तरुण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. काळ्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांत वाढलेल्या डोळ्यांना ही करड्या-पांढऱ्या सुळक्यांची रांग म्हणूनच इतकी वेगळी वाटत असावी. प्रत्येक सुळक्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या रेषेत, समुद्राने खडक आत खात नेला आहे. त्यामुळे जवळून पाहिले की अख्खा डोंगर एखाद्या बारीक देठावर उभा असल्यासारखा वाटतो. कयाकमधून त्या खाचेखाली हात घालता येतो. कालवे चिकटलेली असतात, त्यामुळे हात जपून घालावा.

हा भाग अपुरा वाटला. गुहेजवळ आम्हाला जेमतेम पन्नास मिनिटे मिळाली आणि मार्गदर्शक मुलाला पुढच्या गटासाठी कयाक परत करायच्या होत्या. तळ्यात आम्ही पोहोचलो तेव्हा आमच्यासारख्याच तीस-चाळीस कयाक तिथे होत्या. शिवाय पाण्यावर फोमचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या. मत्स्यशेतीच्या तराफ्यांना पूर्वी फोमचे तरंगक बांधत, ते बदलण्याचे काम चालू आहे, तरी जुने तुकडे अजून फिरतात. आमच्या खलाशांपैकी एक जण जाळीने ते गोळा करत होता. एवढे पैसे घेणाऱ्या सगळ्याच बोटींनी हे काम रोज आणि नेमाने करायला हवे, असे मला मनापासून वाटते.

साडेपाचच्या सुमारास अंधार पडू लागला आणि ज्यासाठी पैसे दिले होते ते सुरू झाले. दिवसाच्या बोटी परत गेल्या. आम्ही वरच्या डेकवरचा मद्याचा कार्यक्रम आणि रोल वळण्याचे प्रात्यक्षिक दोन्ही सोडले आणि बाल्कनीत बसून राहिलो. डोंगर आधी निळे, मग राखी आणि मग फक्त आकाशापेक्षा थोडे अधिक काळे असे होत गेले. समोरच्या कड्यावरून घार उतरली. पाणी चढत होते. दुपारी दिसणारी ती खाच हळूहळू बुडत होती. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, आणि मी सवयीने तसा हिशेब केला, तर तो जुळेना. मार्गदर्शक मुलाला विचारले तेव्हा त्याने सांगितले की हा उपसागर ज्या टोंकिनच्या आखातात आहे, तिथे या बाजूला बहुतेक दिवशी चोवीस तासांत एकदाच भरती आणि एकदाच ओहोटी होते. आपल्या किनाऱ्यावर दोन-दोन होतात, हे ऐकून तोही तितकाच चकित झाला. पंचवीस वर्षांत यांच्याशी मी गुहागरच्या खाडीबद्दल कितीदा बोलले असेन, पण त्या रात्री हे पहिल्यांदा स्वतःहून विचारत होते की ओहोटीत बायका कालवे फोडायला कशा जातात, कोयती कशी धरतात, कालवांचे सांबारे कसे करतात. त्या दोन तासांत कुणीही आमच्या दारावर टकटक केली नाही, हीच त्या सेवेची सर्वांत चांगली बाजू म्हणेन.

रात्रीचा दोष मात्र मोठा आहे. मुक्कामाच्या बोटींना ठरवून दिलेल्या जागीच नांगर टाकावा लागतो, त्यामुळे आमच्या आसपास दहा-बारा बोटी उभ्या होत्या, आणि त्यांपैकी एकीवर साडेदहापर्यंत कराओके चालू होते. पाण्यावरून आवाज फार स्पष्ट येतो. ते थांबल्यावरही जनरेटरची बारीक घरघर उरली. आमची खोली खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला होती. पुढच्या भागातल्या एका जोडप्याने सकाळी सांगितले की त्यांना ती ऐकूच आली नाही. दोन्ही खोल्यांची किंमत सारखीच होती. बुकिंग करताना नुसती बाल्कनी न मागता वरचा मजला आणि पुढची बाजू मागावी.

पहाटे साडेपाचला मी उठले तेव्हा पाणी पार उतरले होते. खाच उघडी पडली होती, कालवांचा पांढरा पट्टा हातभर वर दिसत होता आणि दोन माणसे लहान होडीतून त्याच्या कडेकडेने काहीतरी खरवडत जात होती. साडेसहाला डेकवर ताय चीचा वर्ग झाला, हे त्यात गेले आणि खूश होऊन आले. साडेआठनंतर मात्र सगळे भराभर होऊ लागले. सव्वानऊला खोली रिकामी करायची, मग न्याहारी आणि जेवण एकत्र, आणि साडेअकराला धक्क्यावर. जाहिरातीत ‘दोन दिवस, एक रात्र’ असते, पण खोली प्रत्यक्षात आपल्या ताब्यात वीस तास असते आणि त्यांपैकी निम्मे कार्यक्रमांत किंवा झोपेत जातात. निघताना पेयांचे वेगळे बिल आले, सुमारे साडेतीन हजार रुपयांचे. पिण्याचे पाणी सोडून सगळे वेगळे मोजले होते. कुठल्या पेयाचे किती पैसे ते दरपत्रकात लिहिलेले होते, म्हणून तक्रार नाही, पण हा खर्च आधीच धरून चालावा.

आरामाच्या वस्तूंसाठी हे पैसे देण्यात अर्थ नाही. टब आम्ही वापरला नाही, डेकवरच्या तलावाचे पाणी नोव्हेंबरात गार होते आणि मऊ चादरी हनोईतही मिळाल्या होत्या. पैसे वसूल झाले ते दिवसाच्या बोटी गेल्यापासून त्या परत येईपर्यंतच्या वेळात. ज्यांना कार्यक्रमांत रस आहे त्यांनी दिवसाची चांगली बोट घ्यावी, चौथ्या-पाचव्या हिश्श्यात तेच सुळके दिसतात. ज्यांना आमच्यासारखे नुसते बसायचे आहे, त्यांनी शक्य असेल तर टबाची महागडी खोली सोडून साध्या बाल्कनीची खोली दोन रात्री घ्यावी. आम्ही जेट्टीवरच त्याचा हिशेब केला. साधी खोली दोन रात्रींसाठी साधारण दहा-बारा हजारांनी अधिक पडली असती आणि मधला अख्खा दिवस, एका पूर्ण भरतीचा आणि एका पूर्ण ओहोटीचा, आमच्या हाती आला असता.